परदेशातील शिक्षिकेची नोकरी व तिचे परिचयपत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या दुकानात साखर घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मला वाटले, त्या थट्टा करीत आहेत. मी म्हटले, "बाई, मी कशावर बोलू? लोणच्यावर?" त्या म्हणाल्या, "लोणच्यावर मागल्या वर्षी झालं. तुमची जाऊ मस्कतला शिक्षिका होऊन गेली, तिनं अर्ज कसा केला ते सांगा. आपल्या गावात किती मुली बी.एड. होऊन घरी बसल्यात!"

तेव्हा मी इथे उभी आहे ती जावेच्या जिवावर. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत. परदेशच्या शाळांत इयत्तांना निराळी नावे असतात हे मला या अर्जापायी कळले. आपली सातवी म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या शाळेतले इयर आठ. म्हणजे तिकडच्या हिशेबाने मी एक इयत्ता जास्त शिकले आहे! असो. इंग्रजी मला येत नाही. पण त्या अर्जाचा कागद दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या जेवणघरात पडून होता आणि त्यातली ओळ न् ओळ मी जावेला विचारून समजून घेतली. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

बाहेरदेशी जाऊन शिकवणे ही आपल्या बायकांना अगदीच नवी गोष्ट आहे असे नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकता शिकता त्यांनी संस्कृत शिकवले. त्या वेळी पती जाऊन त्यांना पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांना काही परिचयपत्र लिहावे लागले असेल असे मला वाटत नाही; त्यांची विद्वत्ता हाच त्यांचा परिचय होता. आपल्यासारख्यांना मात्र कागद लागतो.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणतात त्या मुळात परदेशी राहणाऱ्या नोकरदारांच्या मुलांसाठी निघाल्या. जिनीव्हाची शाळा १९२४ सालची. तिथे राष्ट्रसंघाच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांची मुले शिकत. पुढे १९६८ साली जिनीव्हातच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम निघाला. ब्रिटिश केंब्रिजचा अभ्यासक्रमही जगभर चालतो. आज आखाती देशांत, थायलंडमध्ये, चीनमध्ये, आफ्रिकेत अशा शाळा आहेत, आणि त्यांना गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकांची नेहमी गरज असते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आखातात आहेत त्या वेगळ्या.

आता आमच्या घरची हकीकत सांगते.

माझी धाकटी जाऊ बी.एस्सी. बी.एड., विषय गणित. २००९ ते २०१६ ती इथल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवीत होती. मग पाच वर्षे घरी होती. २०२१ पासून एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागली. २०२२ साली भाऊजींची कारखान्यातली नोकरी गेली. घराचे कर्ज डोक्यावर, मुलगा नववीत येऊ घातलेला. २०२३ च्या दिवाळीत पाडव्याला ओवाळून झाल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, मी परदेशात अर्ज करू का?" मी म्हटले, "कर की. अर्ज करायला काय लागतं?"

काय लागते ते मग कळले.

पहिला कागद तिने एका रात्रीत केला आणि मला दाखवला. मी पाहिला आणि म्हटले, "अगं, हा तर लग्नाचा बायोडाटा!" वर श्रीगणेश, खाली जन्मतारीख, धर्म, जात, उंची, वडिलांचे नाव, वडिलांचा धंदा, भावांची नावे, आवडीनिवडी आणि शेवटी "वरील माहिती सत्य आहे" म्हणून सही. आपल्याकडे बायकांचा बायोडाटा म्हटला की हाच नमुना डोळ्यांपुढे येतो, त्यात तिची चूक नव्हती. पण शाळेला नवरी बघायची नाही. त्यांना एवढेच कळायला हवे की ही बाई काय शिकवते, केवढ्या मुलांना शिकवते, किती वर्षे शिकवते, आणि कधी येऊ शकते.

म्हणून सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात जे जे समजले ते आता क्रमाने सांगते.

पहिली अडचण नावाचीच. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग आपले नाव, मग वडिलांचे. पदवी माहेरच्या नावाने. पासपोर्ट सासरच्या नावाने. परदेशातला माणूस हे तीन कागद शेजारी ठेवतो तेव्हा त्याला त्या तीन निराळ्या बायका वाटतात, आणि आडनाव पहिले म्हणून तेच तो हाक मारायचे नाव समजतो. तेव्हा परिचयपत्रावर नाव पासपोर्टाप्रमाणे लिहावे, हाक मारायचे नाव आधी. त्याखाली एका ओळीत "लग्नापूर्वीचे नाव अमुक, पदवी त्या नावाची आहे" असे सांगावे. विवाहनोंदणीचा दाखला जवळ तयार ठेवावा. आमच्याकडे तो दाखलाच नव्हता. लग्नाची पत्रिका होती, फोटोंचा आल्बम होता, सीडी होती, पण नोंदणी केलेली नव्हती. ती करण्यात महिना गेला. ज्यांनी अजून केलेली नाही त्यांनी उद्याच जावे.

दुसरे, पत्ता आणि ईमेल. तिच्या सगळ्या कामांना भाऊजींचाच ईमेल होता, आणि त्यात गाडीचा नंबर नि "किंग" असा शब्द होता. शिक्षिकेला किंग शोभत नाही. तिने स्वतःच्या नावाचा साधा ईमेल काढला. फोन नंबराच्या आधी अधिक एक्याण्णव घालावे, नाहीतर तिकडून फोन लागणार नाही. आधारचा किंवा पासपोर्टाचा नंबर मात्र परिचयपत्रावर लिहू नये. तो कागद किती हातांतून जाईल सांगता येत नाही. राष्ट्रीयत्व आणि बरोबर कोण येणार हे लिहावे, कारण व्हिसा आणि राहण्याची जागा शाळाच बघते, त्यांना खर्चाचा अंदाज लागतो. आखातातल्या बऱ्याच शाळा फोटो मागतात. इंग्लंड-अमेरिकेच्या रीतीत फोटो आणि जन्मतारीख घालत नाहीत. जाहिरातीत काय मागितले आहे ते वाचून तसे करावे.

तिसरे, लांबी. दोन पाने, त्याहून जास्त नाही. जावेचा दुसरा कागद सहा पानांचा झाला होता. त्यात तिने शाळेच्या सहलीसुद्धा घातल्या होत्या. आपण पाहुण्यांना बोलावतो तेव्हा घरातली सगळी भांडी बाहेर काढीत नाही. लागतील तेवढीच काढतो. वर तीन-चार ओळींत सगळ्याचे सार द्यावे: गणिताची शिक्षिका, अकरा ते सोळा वर्षांची मुले, एवढ्या वर्षांचा अनुभव, ऑगस्टपासून येऊ शकते. मग नोकऱ्या, पण शेवटची आधी आणि पहिली शेवटी. मग शिक्षण. मग इतर प्रशिक्षण. मग भाषा. शेवटी तीन माणसांची नावे, ज्यांच्याकडे आपल्याविषयी चौकशी करता येईल.

भाषांत तिने इंग्रजी आणि हिंदी लिहिले होते. मी विचारले, "मराठी कुठं गेली?" म्हणाली, "तिकडं मराठीचा काय उपयोग?" मी म्हटले, "उपयोग नसेल, पण ती तुझी आहे ना?" तिने मराठी लिहिली, आणि तीही पहिली. पुढे शाळेत गेल्यावर तिला कळले की तिच्या वर्गात पुण्याची दोन मुले आहेत.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि इथे माझ्यासारख्या अडाणी बाईचा थोडा उपयोग झाला. तिने लिहिले होते, "आठवी ते दहावीला सेमी-इंग्रजी माध्यमातून गणित शिकवले." मी विचारले, "सेमी म्हणजे काय, हे मस्कतच्या माणसाला कळेल का?" तिला हसू आले. खरोखर कळणार नाही. सेमी-इंग्रजी ही आपल्या महाराष्ट्राची गोष्ट. मग तिने लिहिले, "मराठी शाळेत गणित इंग्रजीतून शिकवले." आठवी-दहावी याच्याऐवजी मुलांची वये लिहिली, कारण इयत्तेची नावे देशोदेशी बदलतात, वय बदलत नाही. शाळेच्या नावापुढे गाव, राज्य, देश लिहिला आणि कोणत्या बोर्डाचा अभ्यासक्रम होता तेही लिहिले.

पुढे लिहिले होते, "मी कष्टाळू, वक्तशीर आणि मुलांवर प्रेम करणारी शिक्षिका आहे." मी म्हटले, "हे सगळ्याच लिहितील. आळशी आहे असं कोण लिहील? तू काय केलंस ते सांग." ती म्हणाली, "शिकवलं." "म्हणजे काय केलंस?" असे विचारता विचारता एका संध्याकाळी तिच्या तोंडून निघाले की एका वर्षी तिच्या वर्गात बासष्ट मुले होती, सहामाहीला नऊ मुली गणितात नापास झाल्या. त्या शेतावर कामाला जात, म्हणून ती शाळा भरण्याआधी पाऊण तास येऊन त्यांना शिकवीत असे. वार्षिक परीक्षेला नवांपैकी सात पास झाल्या. मी म्हटले, "अगं, हे लिही की!" ती म्हणाली, "त्यात काय विशेष?" भगिनींनो, आपल्या सगळ्यांची हीच खोड आहे. केलेल्या कामाला आपण "त्यात काय विशेष" म्हणतो, आणि न केलेल्याची लाज मात्र आयुष्यभर बाळगतो. त्या नऊ मुलींचे दोन ओळींत लिहिले, आकड्यांसह. त्या दोन ओळींत कष्टाळू, वक्तशीर आणि प्रेमळ हे तिन्ही शब्द आले, एकही न लिहिता.

हल्ली संगणकाला सांगितले की तो आपोआप परिचयपत्र लिहून देतो. आमच्या पुतण्याने तसेही करून पाहिले. भाषा फार छान आली, पण जावेने वाचली तर ती म्हणाली, "ही बाई कोण? मी हिला ओळखत नाही." मुलाखतीला आपणच बसायचे असते, संगणक बसत नाही. स्पेलिंग तपासायला त्याची मदत घ्यावी. मजकूर आपला असावा.

आता पाचवी गोष्ट. ही सांगावी की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. पण ती गाळली तर माझे बोलणे खोटे होईल.

परिचयपत्रात २०१६ ते २०२१ ही पाच वर्षे रिकामी होती. टायपिंगच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "अशी भोकं दिसली की अर्ज बाजूला पडतो. मी एका शाळेचा अनुभवाचा दाखला आणून देतो, तीन हजार लागतील." मला ते पटले. मी भिशीतले तीन हजार काढून डब्यात ठेवलेसुद्धा. पाच वर्षे घरी बसून होती असे कोण लिहिते?

मी ते पैसे तिच्यापुढे ठेवले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अक्का, तिथं फोन केला नि मी नव्हते असं निघालं तर गेलेच मी. पण ते राहू दे. त्या पाच वर्षांत मी बसून नव्हते. मी घरात होते. मग दुसरीकडं होते असं का लिहू?"

भगिनींनो, त्या पाच वर्षांचे खरे असे आहे. २०१६ साली आमच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. कुणीतरी घरी राहायला हवे होते. थोरली मी. पण सकाळपासून दुकान माझ्याकडे असे. त्या वेळी मीच तिला म्हणाले होते, "नऊ हजारांची नोकरी ती काय! तू सोड, दुकान काही मला सोडता येत नाही." ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. पाच वर्षे तिने सासूबाईंचे अंग पुसले, त्यांना भरवले, कुशीवर वळवले, त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. दुपारी त्या झोपल्या की ओसरीवर गल्लीतल्या अकरा मुलांना गणित शिकवायची. कुणाकडून पैसे घेतले, कुणाकडून नाही. फोनवर दोन ऑनलाइन कोर्स केले, तेही रात्री त्यांच्या उशाशी बसून. आणि कुणी विचारले की मी म्हणायची, "धाकटी काय, घरीच असते."

घरीच असते! हे शब्द माझे. तो कागद समोर नसता तर मला ते कधी उमगले नसते. तिच्या आयुष्यातले ते रिकामे घर मी पाडलेले होते, आणि आता खोटा दाखला लावून मीच ते झाकायला निघाले होते. डब्यातले पैसे मी परत भिशीत भरले. त्या रात्री मी तिला म्हटले, "माझ्यामुळं तुझी पाच वर्षं गेली." ती म्हणाली, "गेली नाहीत, अक्का. आईंपाशी गेली." इतके बोलून ती भांडी घासायला उठली. मी तिच्या हातातली भांडी काढून घेतली.

मग तिने साध्या दोन ओळी लिहिल्या: "२०१६ ते २०२१ : कुटुंबातील आजारी वृद्ध व्यक्तीची पूर्णवेळ सुश्रूषा. याच काळात अकरा विद्यार्थ्यांना घरी गणित शिकवले व शिक्षकांसाठीचे दोन ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केले." आजाराचे वर्णन नाही, रडगाणे नाही, माफी नाही.

हेच योग्य होते, याचे कारण पुढे समजले. परदेशच्या चांगल्या शाळा रिकाम्या वर्षांची चौकशी करतात ती बाई आळशी आहे का हे पाहण्यासाठी नव्हे. मुलांना त्रास देणारा एखादा माणूस एका देशातून निघून दुसऱ्या देशातल्या शाळेत लागू नये, म्हणून त्यांना प्रत्येक वर्षाचा हिशेब हवा असतो. २०१४ साली आंतरराष्ट्रीय शाळांच्या संस्थांनी मिळून मुलांच्या संरक्षणासाठी एक कृतिदल नेमले, तेव्हापासून तर याबाबत फारच कडक पाहणी होते. आपलीही मुले शाळेत जातात. हा नियम आपल्याला जाच वाटू नये. रिकाम्या वर्षाचे खरे कारण लिहिले तर ते अडत नाही. खोटे लिहिले तर मात्र सगळेच खोटे ठरते.

याच कारणाने शेवटी जी तीन नावे द्यायची, ती जपून द्यावीत. नातेवाईक नकोत, ओळखीचे नगरसेवक नकोत. सध्याच्या शाळेचे मुख्याध्यापक पहिले, आधीच्या शाळेचे दुसरे. त्यांना आधी विचारावे, आणि शाळेचा ईमेल द्यावा, खाजगी नव्हे. जावेला याचीच भीती होती. मुख्याध्यापकांना कळले नि परदेशची नोकरी मिळाली नाही, तर इथलीही जायची. शेवटी धीर करून ती गेली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर माझी पंचाईत आहे. पण मी खोटं सांगणार नाही." आणि खरोखरच मस्कतहून त्यांना विचारणा झाली. मुलांशी वागणूक कशी, पुन्हा नोकरीवर घ्याल का, असे सगळे विचारले. जुन्या शाळेतही विचारले.

परिचयपत्राबरोबर एक पत्र द्यायचे असते. ते एका पानाचे आणि प्रत्येक शाळेसाठी निराळे असावे. इथे आमची एक फजिती झाली. घाईत एका शाळेला दुसऱ्या शाळेचे नाव असलेले पत्र गेले. म्हणजे एकीच्या घरी जाऊन दुसरीच्या हळदीकुंकवाची तारीफ करण्यासारखेच! त्या शाळेचे उत्तर आले नाही हे सांगायला नको. त्यानंतर पत्र पाठवण्याआधी ती मला मोठ्याने वाचून दाखवी आणि शाळेचे नाव मी वहीत लिहून घेई.

त्या वहीचा हिशेब असा: सव्वीस अर्ज गेले. एकोणीस ठिकाणांहून काही उत्तर नाही. चार ठिकाणांहून नकार. तीन मुलाखती. एक निवड. हे मुद्दाम सांगते. नाहीतर पाच अर्ज करून एखादी मुलगी निराश व्हायची. अर्जाचा हंगामही लक्षात ठेवावा. आपली शाळा जूनला सुरू होते. तिकडची बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. पण त्यांची भरती मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चालते. म्हणजे दिवाळीचा फराळ झाला की कागद तयार हवा. मे महिन्यात जागे होऊन भागत नाही.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यांचे सकाळचे अकरा म्हणजे आपले साडेबारा, ऐन जेवणाची वेळ. मी कुकर बंद केला, कोंबड्या मागे कोंडल्या, आणि दाराशी बसून राहिले. त्यांनी तिसराच प्रश्न त्या पाच वर्षांचा विचारला. जावेने सांगितले. मग बाईंनी विचारले, त्या अकरा मुलांना एकाच वेळी कसे शिकवत होता? ती मुले पाचवीपासून दहावीपर्यंतची होती. त्यावर जाऊ न थांबता बोलत राहिली. मला इंग्रजी समजत नव्हते, पण तिचा आवाज समजत होता. वर्गात असावा तसा तो होता.

निवडीचे पत्र आल्यावरही काम संपत नाही. पदवी आणि बी.एड. यांच्यावर सरकारी शिक्के घ्यावे लागतात. आधी राज्याच्या खात्याचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात आहे. ज्या देशाला जायचे तो देशही त्या करारात असेल तर तो एक शिक्का चालतो, ओमान आहे. नसेल तर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट कचेरीतून मिळतो. हे सगळे व्हायला आठवडे जातात, म्हणून मूळ कागद आधीच एका पिशवीत जमवून ठेवावेत.

आणि फसवणुकीपासून सावध राहावे. मधल्या काळात एका माणसाचा फोन आला, "दुबईला जागा आहे, ऐंशी हजार भरा, मुलाखतही नको." ज्या शाळेला मुलाखत नको, तिला शिक्षिकाही नको, एवढे समजावे. १९८३ सालच्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते, आणि त्याला तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतो. करार वाचल्याशिवाय सही करू नये: पगार किती, घर कुणाचे, विमानाचे तिकीट कुणाचे, मुलाची फी माफ आहे का, आणि मध्येच सोडले तर काय.

२०२४ च्या ऑगस्टात जाऊ मस्कतला गेली. धाकटी मुलगी तिच्याबरोबर, तिच शाळेत शिकते. थोरल्याचे दहावीचे वर्ष होते म्हणून तो माझ्याजवळ राहिला. भाऊजी आता दुकानात माझ्या जोडीला असतात. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. मुलगा कधीकधी जेवता जेवता गप्प होतो, तेव्हा मला काय बोलावे ते सुचत नाही. पण कर्जाचा हप्ता वेळेवर जातो, आणि रोज रात्री आई मुलाला फोनवरून गणित शिकवते. आता कुणी विचारले, "धाकटी काय करते?" तर मी पहिल्यापासून सांगते. शाळेची सात वर्षेही सांगते आणि घरची पाच वर्षेही सांगते.

जाता जाता मंडळाला एक विनंती आहे. आपल्या कपाटात जमाखर्चाच्या वह्या आहेत, तशी आणखी एक वही ठेवावी. दर वर्धापनदिनी प्रत्येकीने तीत आपल्या नावापुढे वर्षभरात काय केले ते दोन ओळींत लिहावे. बालवाडी चालवली असेल, शिवण शिकवले असेल, घरातले आजारपण काढले असेल, ते सगळे तारखेसह. कुणाला परदेशी जायचे असो वा नसो. वेळ आली की आठवायला बसावे लागणार नाही, आणि आपल्या सुनेने, जावेने काय केले हे आपल्यालाही वेळेवर कळेल. मला ते आठ वर्षे उशिरा कळले.

ज्या मुलींना अर्ज करायचा आहे त्यांनी दुपारी तीन ते पाच दुकानात यावे. इंग्रजी मला येत नाही, पण "म्हणजे काय केलंस?" हे मी विचारीन, आणि बाकीच्या शंका जाऊ मस्कतहून फोनवर सांगेल.